गर्दीत तुमचा आवाज आला

दत्तूकाका, परवा तुमचा सिनेमा पाहून आले.

'तुमचा' म्हटलेलं तुम्हाला चालणार नाही, ठाऊक आहे. "माझा कैकू? ज्यानं काढला त्याला दे की," असं म्हणाला असतात आणि वर चष्मा पुसत बसला असतात. पण आता रागवायला तुम्ही नाही, तेव्हा मी म्हणणार. ज्या सिनेमावरून आपण सगळा उन्हाळा भांडलो, तो तुमचाच. भांडण अर्ध्यावर टाकून उठायची तुमची खोड जुनी. चहा संपला की उठायचात, आणि दुसऱ्या दिवशी मला पायरीवर पाहिलं की, "हां, तर कुठं होतो आपण?" म्हणून नेमकं तिथूनच सुरू करायचात. या वेळीही मी तेच धरून चालले होते. अजूनही तुमचं उत्तर यायचं बाकी आहे असं वाटतं, आणि मग आठवतं.

तुम्ही गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या. निवृत्त मराठी शिक्षक, नारायणगुडा, वृद्धापकाळाने निधन. त्यात खोटं काही नव्हतं, पण तुम्हीही नव्हतात. घराचं दार कधी न लावणारा माणूस त्यात नव्हता. घरात माणसं दोन असताना गाद्यांचा ढीग जमवणारा नव्हता. आणि तेलुगू सिनेमांत वांग्यांचा भाव विचारणारा तर नव्हताच नव्हता.

नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून हैद्राबादेत, हिमायतनगरला आले, तेव्हा या शहरात माझं असं काही नव्हतं. जाहिराती नि मालिका मराठीत आणायचं काम मिळायला लागलं, आणि एका स्टुडिओला गर्दीच्या आवाजासाठी मराठी माणसं हवी होती. कुणीतरी म्हणालं, नारायणगुड्याला एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे जा, ते माणसं गोळा करतात. मी आले. दार सताड उघडं. चौकटीवर टकटक केली तशी तुम्ही ओले हात घेऊन जवळजवळ धावत आलात. "या, या. दार उघडंच हाय की!" मी माझ्या पुणेरी शिस्तीत म्हणाले, "अहो, पण विचारल्याशिवाय आत कसं यायचं?" त्यावर तुम्ही म्हणालात, "विचारायला आधी बंद दार लागतंय." तेव्हापासून मी कधी विचारलं नाही.

त्या दारावरून काकूंनी तुम्हाला किती बोलून घेतलं! चपला गेल्या, छत्र्या गेल्या, एकदा तर नवाकोरा कुकर गेला, शिट्टीसकट. कुकर गेला तेव्हा काकू तुमच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. तुमचा अजय बंगळूरहून आला की दरवेळी नव्या कुलपाचं काढायचा. तुम्ही म्हणायचात, "मी हाय तोवर नक्को." झोपताना तेवढी कडी घालायचात, तीही काकूंच्या धाकानं. आणि दारावर जरा कुठं हात पडला की, गुडघे दुखत असोत नाहीतर ताप असो, उठून जायचात ते तुम्हीच. दुसऱ्या कुणाला उठू द्यायचा नाहीत. आम्ही हसायचो. म्हातारपणी माणसाला एकेक वेड लागतं, तसं हे एक, असं मी धरून चालले होते.

गाद्यांचंही तसंच. तुमच्याबरोबर अफझलगंजला जायचं म्हणजे मला धास्ती. वाचनालयात पेपर चाळून झाले की तुमचे पाय त्या कापसाच्या दुकानांकडे वळायचे. गादीवाला दिसला की थांबलातच. "गाव कोणतं तुमचं? आजोबा कुठले? पिंजाऱ्याचंच काम करायचे का?" आणि इतक्या गप्पा झाल्यावर रिकाम्या हातानं कसं उठायचं, म्हणून एक उशी. घरी आल्यावर काकू म्हणायच्या, "आणली का अजून एक? आता हिला कुणाच्या डोक्याखाली घालू?" मी म्हणायचे, काका, तुम्ही कापसाच्या व्यापारात पडा, शिक्षकी उगाच केलीत. तुम्ही हसायचात. काय विचारत फिरताय हे काही सांगायचा नाहीत.

आणि वांगी. सिनेमात बाजार असो, लग्न असो, दंगल असो, मागचा गलका पुष्कळदा नंतर स्टुडिओत भरतात. आठ-दहा माणसं माइकभोवती उभी करायची आणि त्यांनी कलकलाट करायचा. बाकीचे गट नुसतं अगडम-बगडम बोलून वेळ मारून नेतात. तुमच्याकडे ते चालायचं नाही. रेकॉर्डिंगच्या आधी तुम्ही सगळ्यांना, म्हणजे तुमचे जुने विद्यार्थी, शेजारच्या जोशीबाई, बँकेतून सुटलेले दोघे, असे समोर बसवायचात आणि वर्ग घ्यायचात. "गर्दीत कुणी गर्दी म्हणून येत नसतंय. जो तो आपलं काम घेऊन आलेला असतोय. तुझं काम काय, ते आधी ठरव." मग लग्नाच्या सीनमध्ये जोशीबाई हरवलेला डबा शोधायच्या, बँकवाले एकमेकांच्या बदलीचं बोलायचे, आणि बाजार असला की तुम्ही वांगी घ्यायचात. मराठीत काय चाललंय हे तिथं कुणाला कळायचं नाही. आवाजाचा चढ-उतार बरोबर असला की दिग्दर्शक खूश.

मग तो सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात आपण तिघांनी जायचं, हा तुमच्या घरचा कुळाचार. हिरो चार ट्रकवरून उडी मारतोय, पब्लिक शिट्ट्या मारतंय, आणि आपण तिघं कान टवकारून बसलेलो. मध्येच कुठूनतरी, "अहो, वांगी काटेरी हायत का बिनकाटेरी?" काकू कोपर मारायच्या. "आलं तुमचं वांगं." तेवढं आलं की तिकिटाचे पैसे वसूल. मध्यंतरातच घरी जायलाही आपण तयार असायचो.

असे आपले दिवस हसत-खिदळत चालले होते, काका. त्यात हा सिनेमा आला.

निजामाच्या राज्यातलं एक मराठी मुलखातलं गाव, रझाकारांचा धुमाकूळ, आणि एक तरुण शेतकरी. सहायक दिग्दर्शकानं स्टुडिओच्या गच्चीवर आपल्याला गोष्ट सांगितली. शेजारी फितूर होतो, घर दाखवतो, हिरोच्या बापाला मारतात. हिरो तलवार उचलतो, थेट शहरात येतो आणि रझाकारांच्या म्होरक्याला सगळ्यांसमोर आपल्या हातानं कापतो. मग गावी परततो आणि वैऱ्यांची घरं पेटवतो. फौज येते ती शेवटी, त्याला सलाम करायला. तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होतात. खरा म्होरक्या तुरुंगात गेला आणि सुटल्यावर देश सोडून गेला, हे वर्षानुवर्षं वर्गात पोरांना सांगत आलेला माणूस समोर बसलाय, याची त्या पोराला काय कल्पना! तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि शेजारी कोण म्हणालात?" तो म्हणाला, "मुसलमान पिंजारा, सर. दोस्ती दाखवतो आणि धोका देतो. एकदम इमोशनल." तुम्ही उठलात आणि चहाला गेलात.

परतताना नारायणगुड्याच्या चौकातल्या इराण्याकडे बसलो. मी तुम्हाला समजावत होते. म्हटलं, काका, एवढं काय लावून घेताय? तुमच्या सख्ख्या चुलत्याला त्या लोकांनी नेलं, ते परत आले नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत ना? इतिहासात नाही तर पडद्यावर तरी त्यांचा सूड घेऊ दे की कुणीतरी. बघणाऱ्याला तेवढंच बरं वाटेल.

"घेऊ दे," तुम्ही म्हणालात. "म्होरक्याला दहादा मारू दे. मी काय त्याची आरती करणार हाय? चुलत्याची तर मला पगडी याद हाय, तोंड नाही. पण पिंजाऱ्याला कैकू घुसवलं?"

आणि बशीतला चहा निवत ठेवून तुम्ही बडेसाबची गोष्ट सांगितलीत. तुम्ही पाच-सहा वर्षांचे. तुमच्या घराला भिंत लावून बडेसाब पिंजाऱ्याचं घर. बायको लालबी, आणि तुमच्या वयाची एक मुलगी. त्या घरात बोलणं मराठीच, लालबी तर तुमच्या आईपेक्षा खडी मराठी बोलायची. चुलत्यांना नेल्यानंतर काही दिवसांनी रझाकार पुन्हा गावात शिरले, भर दुपारी. वडील शेतावर. आई तुम्हाला घेऊन परसातून लालबीच्या घरात घुसली. लालबीनं दोघांना कापसाच्या ढिगाखाली सारलं आणि वर आपल्या मुलीला निजवलं. बडेसाब कमान घेऊन कापूस पिंजायला बसला. माणसं दारात आली, विचारायला लागली, तरी हा पिंजतोच आहे. ठंय ठंय त्या आवाजात त्यांना दोन-दोनदा विचारावं लागलं. आत तुमच्या नाकात कापूस गेलेला, खोकला दबत नाही. तेवढ्यात ढिगातून एक हात आला आणि तुमच्या तोंडावर बसला.

"लालबीचा?" मी विचारलं.

"तिचाच. करडईच्या तेलाचा वास यायचा हाताला. आत्ता पण येतोय, बघ."

"मग?"

"मग काय. गेले ते."

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. म्हटलं, आणि त्यांचं पुढं काय झालं, बडेसाबचं, लालबीचं? तुम्ही वेटरला हाक मारलीत आणि बिस्किटं सांगितलीत. "पुढचं उद्या," म्हणालात.

मला राहवलं नाही. तुम्हाला घेऊन मी दिग्दर्शकाकडे गेले. वाईट माणूस नव्हता तो, हे तुम्हीही कबूल केलंत. तरुण, अदबशीर, तुमच्या पाया पडला. गोष्ट ऐकताना त्याचे डोळेसुद्धा भरले. मग म्हणाला, "सर, ये तो बहुत बढ़िया है. लेकिन पड़ोसी अच्छा हो गया तो पब्लिक को गुस्सा किस पे आएगा?" तुम्ही मोठ्यानं हसलात. "बरोबर हाय त्याचं," म्हणालात. मी मात्र फणफणत जिना उतरले आणि खाली येऊन जाहीर केलं की हे काम आपण करायचं नाही. दुसरे करोत.

"करायचं," तुम्ही म्हणालात.

तिथून जे भांडण लागलं ते लागलंच. अहो, तुम्हीच म्हणता हे खोटं आहे, तुमच्या जीव वाचवणाऱ्याला त्यांनी फितूर केलंय, आणि त्याच सिनेमात तुम्ही जयजयकार करणार? तुम्ही म्हणायचात, "आपण नाही गेलो तर दुसरी गर्दी जाईल, आणि ती नुसतीच ओरडंल." मी म्हणायचे, मग तुम्ही काय करणार, ताल धरणार? "मी ओरडणार नाही." मग काय करणार? चहा संपला, उठलात. एकदा मी चिडून म्हणाले, तुम्हाला माइकची हौस सुटत नाही, दुसरं काही नाही. तुम्ही शांतपणे, "हौ, तसं समज," म्हणालात. काका, ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. मला दिसत होतं त्यावरून मी बोलले. तुम्ही अजून थोडं दिसू दिलं असतंत, तर वेगळं बोलले असते. एवढा राग माझा तुमच्यावर आहे आणि तो राहू दे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी शेवटचा सीन सगळ्यात शेवटी घेतला. पडद्यावर घरांची ओळ पेटलेली, हिरो सावकाश चालत येतोय, मागे गाव आनंदानं बेभान. "खुशी चाहिए, पूरी खुशी," दिग्दर्शक सांगत होता. तुम्ही सगळ्यांना कामं वाटून दिलीत. कुणी जयजयकार करायचा, कुणी गुरं हाकायची, कुणी भावाला शोधायचं. स्वतः कोपऱ्यातल्या माइकपाशी जाऊन उभे राहिलात आणि चष्मा काढून खिशात ठेवलात. मी काचेच्या अलीकडे, कानाला हेडफोन. सगळे एकदमच सुटले. त्यात तुमचा आवाज उंच चढला, बाईमाणसाचा असावा तसा. शब्द मला लागले नाहीत. कन्सोलवरचा श्रीनू म्हणाला, "मॅडम, सार का पिच अलग है, लेकिन फीलिंग सूपर!" दिग्दर्शकानं आतूनच अंगठा दाखवला.

तुम्ही बाहेर आलात ते जिन्याच्या पायरीवर बसलात. घाम आला होता. मी पाणी दिलं आणि विचारलं, काय बोललात? जयजयकार तर वाटला नाही.

"काम होतं, ते बोललो," तुम्ही म्हणालात.

मग पावसाळ्यात तुमची छाती भरली. दवाखान्यात भेटायला आले तर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि तो बाजूला करून पहिला प्रश्न काय, तर, "मिक्सिंग झालं का? माझा आवाज काढला तर नाही ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथं श्वास पुरत नाही, आणि या माणसाला सिनेमाची पडलीय! म्हटलं, नाही काढला, श्रीनूनं सांगितलंय, सगळं आहे. तुम्ही डोळे मिटलेत. इतकं निवांत तुम्हाला मी कधी पाहिलं नव्हतं. मग मीच तुमच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, लालबीचं पुढं काय झालं?" तुम्ही हातानं बस म्हणालात. मी बसले. तेवढ्यात नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. "उद्या," तुम्ही म्हणालात.

तो उद्या राहिलाच.

तुमचं तेरावं झालं आणि सिनेमा लागला. मी काकूंना म्हटलं, चला, आपला कुळाचार आहे. त्या म्हणाल्या, "मला नक्को गं. माझ्याच्यानं बघवायचं नाही. तू जा, आणि आलं का तेवढं सांग." म्हणून मी दुपारच्या खेळाला एकटी गेले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची असं ठरवलं होतं, पण थेटर इतकं भरलेलं की तिथं कुणीतरी पॉपकॉर्न घेऊन बसलंच.

तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हिरोच्या बापाला नेतात तेव्हा मी रडले. मला तुमच्या चुलत्यांची पगडी दिसत होती. पलीकडे एक पिकल्या केसांचे गृहस्थ बसले होते, तेही हुंदके देत होते. त्यांच्याही घरातलं कुणीतरी तसं गेलं असेल. त्यांचं रडणं खोटं आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? सिनेमा खोटा आणि त्यातलं रडणं खरं, हे कसं जमवायचं ते तुम्हाला विचारायचं होतं. पण मग म्होरक्याची मान उडाली आणि थेटर उठून उभं राहिलं. पिंजाऱ्याला हिरोनं त्याच्याच कापसात ढकलून जाळलं, तेव्हा तर नाणी उधळली लोकांनी. उठून जावं असं वाटलं. पण आलं का ते काकूंना सांगायचं होतं.

शेवटचा सीन आला. घरं पेटली. ढोल, नगारे, जोशीबाईंचा जयजयकार मी ओळखला, बँकवाल्यांपैकी एकजण गुरं हाकत होता. आणि मग हिरोच्या पावलांवर कॅमेरा आला, ढोल क्षणभर थांबले, आणि तुम्ही आलात.

"दत्तूच्या माय, दार उघड गं. मी लालबी. पोरगी हाय संगं."

दारावर थाप मारल्यासारखे मध्येमध्ये थांबत होतात. आणि पुन्हा, जरा खालच्या आवाजात, "दत्तू, बाळा, तू तरी सांग की रे मायला."

पुन्हा ढोल सुरू झाले. शिट्ट्या चालूच होत्या. कुणी वळून पाहिलं नाही. एवढ्या मोठ्या थेटरात मराठी कळणारे आणखीही असतील, पण लालबीला दार मागताना ऐकणारी मी एकटीच असेन. पडद्यावर विजय चालला होता आणि त्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन बंद दारापुढं उभी होती. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसले. काका, तुम्ही पुढचं सांगितलंत. ज्या उद्याची मी वाट बघत होते तो तुम्ही आधीच तिथं ठेवून गेला होतात, आणि मी काचेच्या अलीकडे उभी राहून तुमच्यावर चिडत होते.

दिवे लागले तरी मला उठवेना. झाडणारी बाई आली तेव्हा उठले आणि रिक्षा करून नारायणगुड्याला आले.

तुमचं दार बंद होतं.

इतक्या वर्षांत मी ते दार दिवसाउजेडी बंद पाहिलं नव्हतं. जाण्यापूर्वी अजय नवं कुलूप बसवून गेलाय, आपोआप लागणारं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, आई एकटी, तो तिकडे. शेजारी घंटीचं बटणही आहे. माझा हात त्या बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मला घंटी वाजवता येईना. मी दारावर हात ठेवला आणि हाक मारली, "काकू, दार उघडा. मी मंजिरी."

काकूंनी लगेच उघडलं. "आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं, जसं ऐकलं तसं. दार माझ्या पाठीमागे आपोआप लागलं, त्याचा खटकन आवाज झाला आणि काकू दचकल्या. मग तुमच्या त्या गाद्यांच्या ढिगावर बसल्या.

"हिंदुस्थानची फौज आली, रझाकार पळाले, नि फौज पुढं निघून गेली होती म्हणे," त्या म्हणाल्या. "मागं उरली ती गावातलीच माणसं. आधी ज्यांची घरं लुटली गेली तीही, नि ज्यांचं काहीच गेलं नव्हतं तीही, सगळी मुसलमानांच्या घरांवर उठलेली. दिवेलागणीला लालबी दारात आली. मामंजी आत कडीला पाठ लावून उभे. हे ओ देणार होते, तर सासूबाईंनी यांच्या तोंडावर हात ठेवला. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर कुणी नाही. बडेसाबचं घर जळून गेलेलं. कुणी म्हणे ती हैद्राबादला गेली, कुणी दुसरंच म्हणे. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मला घेऊन बाहेर पडले ते सिनेमाला नाही नेलं. अफझलगंजला, गादीवाल्यांकडे. लालबी म्हणून कुणी आहे का, विचारत."

"तुम्हाला माहीत होतं तर दारावरून त्यांना बोलायचा का?"

"मग काय करणार? कुकर माझा गेला होता की गं." काकू हसल्या आणि लगेच रडल्या. मीही.

मी तुम्हाला खूप काही सांगणार होते. या शहरात मला माणूस म्हणून उभं केलंत, त्याबद्दल कधी म्हटलं नाही. तुमच्यावरचा राग कुठं ठेवू ते कळत नाही, हेही सांगायचं होतं. आणि हे, की तुम्ही एवढंसं पोर असताना तुमच्या तोंडावर दोन हात बसले, आणि दुसरा काढायला तुम्हाला आयुष्य लागलं, पण काढलात. तुम्ही असतात तर तोंडावर मला हे बोलताच आलं नसतं, चहाच सांगावा लागला असता.

मी निघाले तशी काकू उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. तो त्यांना उचलवत नव्हता, मी हात लावायला गेले तर सरक म्हणाल्या. दार सताड उघडलं आणि वरवंटा त्याला टेकवून ठेवला, नीट, हलणार नाही असा.

"अजयला काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगीन काहीतरी," काकू म्हणाल्या. "गेला तर गेला कुकर."